तारखेने चालणारी भरती

मी घाटावरचा माणूस. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरी लागली तेव्हा, बाविसाव्या वर्षी, आणि पाहिल्याबरोबर तो मला आवडला नाही. सारखा आवाज, कपडे कायम ओलसर, पुस्तकांना बुरशी. श्रीवर्धनपासून दोन-तीन कोसांवरच्या एका गावात मी शाळामास्तर म्हणून रुजू झालो. एकोणीसशे तीसच्या अलीकडची-पलीकडची ही गोष्ट. पहिलं वर्ष मी बदलीचे अर्ज लिहिण्यात घालवलं आणि दुसऱ्या वर्षी ते लिहायचे विसरलो.

गावातून खाडीवरच्या बंदराकडे दीड कोसाची सडक होती. तिचा अर्धा भाग नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जायचा. दोन्ही अंगांना जांभ्या दगडाचे गडगे आणि मध्ये जेमतेम एका गाडीची वाट. बैलगाडी आली की माणसाने गडग्याला पाठ लावून पोट आत ओढून उभं राहायचं. पूर्वी या वाटेवर दिवसाला दहा-बारा गाड्या चालत आणि कुणाचं कुणावाचून अडत नसे. मग बाहेरगावच्या एका कंत्राटदाराने आगबोटीच्या उतारूंसाठी मोटार सुरू केली. पहिल्याच पंधरवड्यात मोटार आणि गाडी गडग्यांमध्ये समोरासमोर अडकली, मोटारीचा पत्रा चेपला, बैलाचा खांदा सोलून निघाला, आणि दोन्हीकडच्यांनी एकमेकांच्या घराण्याचा उद्धार केला.

आठ दिवसांत दवंडी पिटली. सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी तीन ते सहा या सडकेवर बैलगाडीला मनाई. वाड्यांच्या दोन्ही तोंडांशी चौक्या बसल्या, बांबूचे अडसर आले, आणि शिपाई आले. हुकूम काढणारे मामलेदार तालुक्याच्या गावी बसत. माणूस वाईट नव्हता, पण गाव त्यांनी नकाशावर पाहिलं होतं.

या हुकुमाने सगळ्यांचीच अडचण झाली, पण एका बाईच्या तर तोंडचा घास जाणार होता. ती कोळीण होती, पस्तिशीची. नवरा तापाने गेला तेव्हा गाडी आणि बैलजोडी विकून टाक, असा सल्ला तिला सगळ्यांनी दिला. तिने कासोटा घट्ट केला आणि गाडीच्या धुरीवर जाऊन बसली. बाई गाडी हाकते म्हणून पहिले काही दिवस लोक हसले, मग सवय झाली. बंदरावर मासेमारीचे मचवे लागले की मासळीच्या पाट्या भरून त्या गावच्या बाजारात आणायच्या, हा तिचा धंदा. घरी म्हातारी सासू आणि एक मुलगी. मुंबईला भाऊ होता. तो बोलवत होता, पण जायचं नाव काढलं की ती म्हणायची, "भावाच्या घरात भावजयीच्या हाताखाली ऱ्हायाचं? त्यापरीस बैलांच्या मागं ऱ्हाईन."

खाडीत गाळ फार. मचवे आत येतात ते भरतीलाच. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे पंधरवड्यातले निम्म्याहून जास्त दिवस मासळी नेमकी मनाईच्या वेळेत धक्क्यावर यायची. दुसरी वाट किनाऱ्याच्या पुळणीवरून होती, ती भरतीला पाण्याखाली. म्हणजे मासळी यायची तेव्हा वाट नसायची, आणि वाट मोकळी व्हायची तोवर मासळीला वास सुटायचा.

देवळाच्या अंगणात गावकी बसली. गावचे प्रमुख, म्हातारे गावकर, मधोमध. एक जण म्हणाला अडसर मोडा, दुसरा म्हणाला मोटारीपुढे आडवे पडू, तिसऱ्याने कुणी आडवं पडायचं ते विचारलं, आणि तो बेत तिथेच बारगळला. ती बायकांच्या बाजूला बसली होती. तिथूनच म्हणाली, "मोटार घड्याळावं चालते, चालूंदे. मचवे पान्यावं चालतान. पान्याला आट ते अकरा येऊ नको म्हून कोन सांगनार? शिपाय?"

लोक हसले. गावकर मात्र हसले नाहीत. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, हेच लिवा. असंच लिवा."

सरकारी पगार खाणाऱ्याने सरकारी हुकुमाविरुद्ध अर्ज लिहायचा म्हणजे विस्तवाशी खेळ, हे मला कळत होतं. पण सगळं गाव आपल्या तोंडाकडे पाहत असताना नाही म्हणायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती. लोक त्याला माझं धैर्य म्हणाले. मी म्हणू दिलं.

पन्नासेक अंगठे उठलेला तो अर्ज घेऊन गावकर आणि मी मामलेदारांकडे गेलो. त्यांनी शांतपणे वाचला. म्हणाले, "भरतीच्या वेळी गाड्या सोडायला माझी हरकत नाही. मोटार मागेपुढे करता येईल. पण भरती कधी?"

"तिथीची पाऊणपट करायची, सायेब," गावकर म्हणाले. "पंचमीला पावणेचार, एकादशीला सव्वाआठ. दिसालाबी तीच, रातीलाबी तीच."

मी थक्क झालो. शाळेत रोज सकाळी मुलांकडून पाऊणकीचा पाढा घोकून घेणारा मी, आणि त्याचा असा काही उपयोग असतो हे मला त्या दिवशी कळलं. मामलेदारांना मात्र ते पटलं नाही. "तिथीबिथी कचेरीत चालत नाही. शिपायाने काय पंचांग घेऊन उभं राहायचं? तारीख आणि घड्याळ लिहून आणा."

मी दोन दिवस बसलो. पंचांग मांडीवर घेऊन एक ते एकतीस तारखांचा तक्ता आखला आणि प्रत्येक तारखेपुढे भरतीची वेळ लिहिली. लाल शाईने रेघा मारल्या. खाली झोकदार सही केली. असा देखणा कागद माझ्या हातून पुन्हा झाला नाही. मामलेदारांनी त्यावर शेरा मारला, 'दरमहा याप्रमाणे कायम', आणि शिक्का उमटवला. तो शेरा मी दोनदा वाचला आणि मला त्यात काहीही खटकलं नाही. उलट 'कायम' या शब्दाने छाती फुगली. गावकरांना वाचता येत नव्हतं. वाचता येत असतं तर त्यांनी तिथल्या तिथे माझा कान धरला असता.

गावात नारळ फुटले. तिने मुलीच्या हाती माझ्याकडे सुकटीची पुरचुंडी पाठवली. मी मासे खात नसे, तरी ती मी शेजाऱ्यांना दिली नाही, बरेच दिवस फळीवर ठेवली. खोलीला वास लागला तरी ठेवली.

पहिला महिना उत्तम गेला. दुसऱ्या महिन्यात वेळ तासाभराने चुकू लागली. तिने पाट्यांवर ओली गोणपाटं घालून दिवस काढले. शिपायानेही एकदोनदा काणाडोळा केला. तिसऱ्या महिन्यात शिपाई बदलला. नव्या शिपायाने तक्ता वाचला, घड्याळ पाहिलं आणि अडसर खाली टाकला. भरलेली गाडी भर उन्हात दोन तास उभी राहिली. एक दिवस नाही, चार दिवस. ती मासळी बाजारात कुणी घेतली नाही. शेवटी एका बागाईतदाराने माडांच्या मुळाशी खत म्हणून टाकून घेतली.

पाचव्या दिवशी ती शाळेच्या पायरीशी आली. कागदाची नक्कल तिने कमरेला खोचून ठेवली होती, घामाने तिची शाई पसरली होती. आवाजात राग नव्हता.

"मास्तर, कागद तुमचा बराबर हाय, शिपाय बी तसाच वाचतो," ती म्हणाली. "दर्याच चुकलेला दिसतो."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. शिक्क्याचा कागद चुकेल हे तिच्या मनातच आलं नाही, त्यापेक्षा समुद्र चुकला असेल हे तिला सोपं वाटलं. मी पंचांग काढलं, आणि पान उलटतानाच मला माझी चूक दिसली. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, इंग्रजी महिना तीस-एकतीसचा. पहिल्या महिन्याची भरती मी पुढच्या सगळ्या महिन्यांच्या गळ्यात बांधली होती. शाळेतल्या चौथीच्या पोराने अशी चूक केली असती तर मी त्याला बाकावर उभा केला असता.

"दर्या नाही चुकला," मी म्हणालो. "मी चुकलो."

तिने ती नक्कल पायरीवर ठेवली. मग म्हणाली, "आता बैलांचा व्यापारी उद्या येनार हाय. दात बघून गेलाय. भावालाबी सांगावा धाडलाय." एवढं बोलून ती निघून गेली. मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच दुपारी मी तालुक्याला चालत गेलो. मामलेदार माझं ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे हुकूम चुकला म्हणता?"

"हुकूम नाही. तक्ता चुकला. माझा."

"मग तसं लेखी द्या. तक्ता चुकला असेल तर हुकूम दुरुस्त करता येतो. हुकूम चुकला असेल तर येत नाही."

मी लिहून दिलं. सरकारी कामात सहीनिशी खोटी माहिती दिल्याबद्दल काय होतं ते त्यांनी मला सौम्य शब्दांत सांगितलं, आणि खरंच सौम्यच केलं. घाटावरच्या एका शाळेवर बदली, आगबोटीने मुंबईमार्गे जायचं. चिडचिड झाली. दोन वर्षांपूर्वी हीच बदली मागून मी थकलो होतो, आणि आता मिळाली तेव्हा ती मला शिक्षा वाटली.

नवा हुकूम त्याच संध्याकाळी निघाला, तिथीवर. दर पंधरवड्याला गावकरांनी वेळा सांगायच्या, तलाठ्याने लिहून चौकीवर लावायच्या. भरतीपासून दोन तास सडक गाड्यांची. त्या वेळात मोटार समोर आली तर मोटारीने मागे सरायचं. व्यापारी आला तेव्हा तिने त्याला चहा पाजून परत पाठवला.

मी निघालो तो दिवस त्रयोदशीचा होता. भरती पावणेदहाला हे मला तोंडपाठ होतं, पण मोटार नवाला सुटणार होती, सहज निसटून जाऊ असा माझा हिशेब. टायरने दगा दिला आणि निघायला दहा वाजले. गडग्यांमध्ये निम्म्यावर आलो आणि समोर तिची गाडी. मासळीच्या पाट्यांनी भरलेली, वर ती.

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. बैल जागचे हलले नाहीत, तीही नाही. "मास्तर, तुम्ही सांगा," ड्रायव्हर म्हणाला. "तुमचं ऐकेल."

मी उतरलो. "अगं बाई, माझी आगबोट चुकेल."

"व्हय, चुकंल," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण कासरा तिने सैल सोडला नाही. "माजी वेळ हाय, मास्तर."

मला आधी राग आला, खोटं कशाला सांगू. मग हसू आलं. मी मोटारीत जाऊन बसलो. ड्रायव्हर पुटपुटत मोटार मागे घेऊ लागला, आणि तिची गाडी आमच्याकडे तोंड करून सावकाश पुढे येत राहिली. चौकीशी रुंद जागा मिळाली तिथे आम्ही बाजूला झालो. मला वाटलं ती थांबेल, दोन शब्द बोलेल. पण मासळीला थांबून चालत नाही.

"उद्या चवदस," जाता जाता ती ओरडली. "पान्याच्या आधी निगा."

मी ड्रायव्हरला ट्रंक खाली उतरवायला सांगितलं.