खाजा टेलरच्या पोटातला पहारेकरी

लातुरात कोचिंग क्लासांच्या गल्लीत खाजा टेलरचं दुकान होतं. पँटचं माप द्यायला कुणी उभं राहिलं, की कमरेला टेप लावून तो हमखास विचारायचा, "जेवणाआधीचं धरू, का जेवणानंतरचं?"

मुखेडहून, हदगावहून डॉक्टर व्हायला आलेली पोरं आधी फिदीफिदी हसायची. मग मेसची घट्ट डाळ, वर मटकीची उसळ, मधल्या सुट्टीत समोसा आणि दिवसभर बाकावर बसून भौतिकशास्त्र, असे दोनेक महिने गेले की हीच पोरं हूक ढिला करून घ्यायला दुकानाच्या पायरीवर. तेव्हा हसायची पाळी खाजाची. मागच्या शिवणीत त्यानं जास्तीचं कापड आधीच दाबून ठेवलेलं असायचं. टाके उसवले, की पोराचं पोट आणि पोराची अब्रू, दोन्ही मोकळी. पालकांना वाटायचं, टेलर इमानी आहे, कापड मारत नाही. तो इमानी होताच, पण ही युक्ती त्यानं इमानापोटी काढली नव्हती, स्वतःच्या पोटापायी काढली होती.

खाजाचं पोट ही साधी चीज नव्हती. सकाळी ते सपाट, गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दुपारचं जेवण झालं की त्याला हवा चढायची. दिवेलागणीला ते असं टम्म व्हायचं, की खाजाला मशीनवर वाकताना आधी पोटाची परवानगी घ्यावी लागे. आत गुडगुडायला लागलं की एखादं नवखं गिऱ्हाईक दाराबाहेर डोकावून आभाळ बघून यायचं. त्याच्या स्वतःच्या एकाही कपड्याला हूक नव्हता. नाडी आणि इलास्टिक, एवढ्यावर त्याचा संसार उभा होता. रात्री पुन्हा कळ यायची आणि पहाटेच्या आत एकदा तरी उठवायची.

"अरे, दाखीव की कुणाला," विरूपाक्ष म्हणायचा. हा त्याचा गावाकडचा दोस्त. जातीनं लिंगायत, धंद्यानं शेतकरी आणि स्वभावानं दुसऱ्याच्या तब्येतीचा मालक.

"न्हाई इरपाक्षा. ह्या पोटानं जीव वाचवलाय माझा. त्याला कापायला देऊ का?"

"कापायला कोण सांगायलंय? दाखवायला सांगायलोय!"

"दाखवलं की कापतेत. मी टेलर हाय, मला म्हाईत हाय."

जीव वाचवला होता हे मात्र खरं. खाजाचं मूळ गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या अंगाला. भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी गणपती बुडवला. मंडळाच्या पोरांचे सदरे खाजानं शिवलेले, म्हणून विरूपाक्षनं त्याला हाताला धरून घरी जेवायला नेलं. हरभऱ्याच्या डाळीचं पुरण, वर आमटी, वर कांदाभज्यांचा ढीग. विरूपाक्षच्या आईनं "खा रे लेकरा" म्हणत भजी वाढली, आणि लेकरू मेलं तरी नाही म्हणणारं नव्हतं. पहाटे पोटात मुरडा उठला. खाजा लोटा घेऊन गावाबाहेर पळाला. त्याच्या मागं ओव्याची पुडी घेऊन सुलतानबी, त्याची बायको, आणि तिच्या काखेत झोपेतली अफसाना. तेवढ्यात जमीन हलली. मागं वळून बघितलं तर दगड-मातीचं माळवदाचं घर होतं तिथं धूळ उभी होती.

त्या धुळीबद्दल खाजा पुढं कधी बोलला नाही. पोटाबद्दल मात्र बोलायचा, आणि पिराबद्दल बोलावं तसा बोलायचा. पोट म्हणजे आपला पहारेकरी, हे त्याच्या मनानं घेतलं. लातुरात बिऱ्हाड आलं, अफसाना मोठी होऊन उदगीरला दिली, गल्लीत एकावर एक क्लास चढले, पण खाजाचा शिरस्ता मोडला नाही. घरात मधोमध वायरीला बल्ब लोंबता ठेवलेला. रात्री कळ येऊन उठलं की आधी बल्ब हलतोय का बघायचं, मग फरशीला तळहात लावायचा, मग बाकीचं. सगळं जागच्या जागी असलं की पोटावरून हात फिरवून म्हणायचं, "शाब्बास."

अशात विरूपाक्षचा महांतेश डॉक्टर होऊन लातुरात परत आला. हा त्याच कोचिंगच्या गल्लीतून पुढं गेलेला. त्याच्या पँटची कंबर खाजानं एका वर्षात दोनदा ढिली केलेली. आणि नशिबाची गंमत अशी, की पोरगं नेमकं पोटाचा डॉक्टर झालं. आता खाजाला सुटका नव्हती. विरूपाक्षनं त्याला स्कूटरच्या मागं बसवून दवाखान्यात नेलं.

"चाचा, हे दुखणं कधीपासून?" महांतेशनं विचारलं.

"भूकंपाच्या आधीपासनं. भूकंपानंतर त्याची इज्जत वाढली."

महांतेशनं रक्त तपासलं, नळी घालून आत बघितलं. कुठं जखम नाही, गाठ नाही, सूज नाही. खाजा जिंकल्यासारखा विरूपाक्षकडे बघायला लागला.

"आता मला एक सांगा," महांतेश म्हणाला, "येळवसेच्या आंबिलीला काय होतं?"

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी लातूर ओस पडतं आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करून पूजा होते, मग भज्जी आणि बिंदग्यातली, म्हणजे मडक्यातली, आंबील. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला ओढून नेतो. खाजाची येळवस जन्मभर विरूपाक्षच्या शेतात झालेली, त्यामुळं तो उखडला.

"हे मला विचारून राहिला? ज्वारीचं पीठ, ताक. ठेवलं की आंबतंय, फसफसतंय."

"आणि बिंदग्याचं तोंड गच्च बांधलं तर?"

"उडंल की! तुझ्या बापानं एकदा बांधलतं. सगळी आंबील त्याच्या पटक्यावर."

"ते जाऊ दे," विरूपाक्ष म्हणाला.

"तुमच्या मोठ्या आतड्यात तेच चालतं, चाचा. कांदा, लसूण, गहू, डाळी, ह्यांच्यात काही पिष्ट-साखरा अशा असतात, की त्या वरच्या लहान आतड्यात पचतच नाहीत. काहींना दुधातली साखरही पचत नाही. जाताना त्या पाणी ओढून घेतात, आणि खाली मोठ्या आतड्यात जिवाणूंची अख्खी वस्ती वाट बघत बसलेली असते. ती ह्या साखरा आंबवते. त्यातून हवा धरते. हे माझ्या आप्पांच्याही पोटात होतं, माझ्याही. पण आमचं आतडं गप बसतं. तुमचं आहे हळवं. जरा ताणलं की बोंबलतं."

खाजानं खाली आपल्या पोटाकडं बघितलं. "म्हंजी माझ्या पोटात रोज येळवस हाय?"

"रोज. आणि बिंदग्याचं तोंड बांधलेलं."

उपाय असा निघाला, की काही आठवडे ह्या गोष्टी पानातून उठवायच्या. ज्वारीची भाकरी, भात, अंडं, मटण, भेंडी, वांगं चालेल. पोट निवलं की एकेक गोष्ट परत आणायची आणि कोण खोडी काढतंय ते बघायचं.

"कायमचं बंद न्हाई?" विरूपाक्षनं विचारलं. खाजापेक्षा त्यालाच काळजी.

"अजिबात नाही. ती खालची वस्ती आपली रयत आहे. तिला उपाशी मारलं तर आपलंच नुकसान. फक्त कुणाला किती वाढायचं ते कळलं पाहिजे."

सुलतानबीनं पथ्य मनावर घेतलं. महांतेशकडून ती एक युक्ती शिकून आली होती: लसणाच्या पाकळ्या तेलात परतायच्या आणि बाहेर काढून टाकायच्या. वास तेलात राहतो, खोडी पाकळीसोबत जाते. काढलेल्या पाकळ्या ती स्वतः खायची आणि खाजासमोर खायची.

आठवडाभरात पोटाचा आवाज बसला. संध्याकाळी नाडी सकाळच्याच गाठीवर. आणि एके दिवशी खाजानं डोळे उघडले तर खिडकीतून आलेलं ऊन बल्बावर पडलेलं. अजान होऊन गेलेली. सुलतानबी चहा गाळत होती. अख्खी रात्र तो लाकडासारखा झोपला होता.

दुसरा कुणी असता तर त्यानं पेढे वाटले असते. खाजाला घाम फुटला. त्यानं फरशीला हात लावला. फरशी गार होती, बल्ब स्थिर होता, पण रात्रभर तिकडं बघितलं कुणी? पहारेकरी ड्युटीवर झोपला होता, आणि त्याला झोपवलं होतं आपणच, पथ्य पाळून.

त्या संध्याकाळी खाजा दोरा आणायला म्हणून बाहेर पडला, तो गल्लीच्या तोंडाशी भज्यांच्या गाड्यावर. क्लासच्या पोरांच्या घोळक्यात शिरून त्यानं कांदाभजी मागितली. रात्री पोटानं इमानेइतबारे उठवलं. खाजानं बल्ब बघितला, फरशी बघितली आणि कळवळत का होईना, समाधानानं म्हणाला, "शाब्बास."

मग हे रोजचं झालं. रोज दोरा संपायला लागला. एवढ्या दोऱ्यात तर अख्ख्या क्लासाचे कपडे शिवून झाले असते. तिकडं महांतेश कोड्यात पडला. "आधी बरं वाटलं, मग परत कसं बिघडलं? पथ्य पाळताय ना, चाचा?"

"घरात कांद्याचं नावबी न्हाई," खाजा म्हणाला. ह्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

चोरी पकडली ती पांढऱ्या सदऱ्यानं. एका क्लासच्या पोरांचे सदरे तयार होऊन इस्त्रीला सुलतानबीकडे आले. तिनं पहिलाच उलगडला, तर खिशाच्या वर अंगठ्याएवढा पिवळा, तेलकट डाग. तिनं वास घेतला.

सुलतानबी घरात दखनी बोलायची. पण ती मनापासून रागावली की मराठीत यायची, म्हणजे शेजाऱ्यांचीही गैरसोय होत नसे.

"मी पाकळ्या येचून येचून काढते, आन तुम्ही गाड्यावर भजी हाणता व्हय? पोट दुखतंय म्हणून माझ्याकडून पाठ चोळून घेता!"

खाजानं आधी सदऱ्यावर ढकललं, मग भज्यावाल्यावर. शेवटी मशीनच्या स्टुलावर बसला आणि खाली बघत म्हणाला, "झोप लागून राहिली गे."

"मग?"

"झोप लागली तर उठवंल कोण?"

बाहेर क्लास सुटल्याचा गलका झाला आणि पांगला. सुलतानबीनं इस्त्री उभी करून ठेवली.

"अजी, त्या पहाटे तुम्हाला पोटानं उठवलं. मानलं. मला कुणी उठवलं?"

खाजा मशीनचं चाक उगाच फिरवायला लागला.

"माझं पोट दुखत होतं? का पोरीचं दुखत होतं? तुम्ही लोटा घेऊन पळाले, मागं वळून बघितलं न्हाई. मला जाग आली, मी ओवा घेतला, पोरीला काखेत मारलं आन तुमच्या मागं आले. घरात राहिले असते, तर तुमच्या पोटानं काय केलं असतं?"

एवढ्या वर्षांत हा हिशेब खाजाच्या डोक्यात आला नव्हता. पोटानं एकट्यालाच बाहेर काढलं होतं. बाकीच्या दोघी बाहेर आल्या, ते त्याच्यासाठी कुणीतरी उठलं म्हणून.

"आता तुम्ही झोपा," ती म्हणाली. "काही हललं तर मी उठवते."

"तू? तू तर घोरतीस."

"तवाबी घोरतच होते!"

खाजाला हसू आलं आणि डोळ्यांतही काहीतरी आलं. ते त्यानं डागाच्या सदऱ्याला पुसलं. नाहीतरी तो धुवायचाच होता.

पथ्य पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं आणि ह्या वेळी दोरा पुरला. पोट निवल्यावर महांतेशनं एकेक पाहुणा घरात घेतला. दूध आलं, गुमान राहिलं. चपाती एखादी चालली, ढीग झाला की कुरकुर. रात्रभर भिजवून, पाणी फेकून शिजवलेली डाळ वाटीभर बसली. लसूण थोडा सोसला. कांदा आला आणि त्यानं पहिल्याच दिवशी मारामारी केली. "हाच तो," महांतेश म्हणाला. खाजाला वाईट वाटलं. इतक्या वर्षांचा संबंध.

मग येळवस आली. विरूपाक्षच्या शेतात ज्वारी डोक्याइतकी उभी. कोपीसमोर पूजा झाली, पानं वाढली. भज्जी म्हणजे तुरीचे, वटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि पातीचा कांदा बेसनात शिजवलेला, म्हणजे महांतेशनं पानातून उठवलेली सगळी मंडळी एकाच भांड्यात. विरूपाक्ष भलीमोठी पळी भरून आला. सुलतानबीनं खाजाच्या पानावर हात आडवा धरला.

"आप्पा, वाटीभर. जास्त न्हाई."

"वहिनी, येळवसेला वाटी? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं पोट लोकांपाशी."

तिनं खाजाच्या वाटीतली पांढरी कांद्याची बोंडं निवडून स्वतःच्या पानात घेतली, हिरवी पात राहू दिली. खाजानं ती वाटी इतकी हळू खाल्ली, की विरूपाक्षची दोन पानं उठली. वर गार आंबील. मग तो कोपीजवळच्या चिंचेखाली आडवा झाला.

थोड्या वेळानं जमिनीतून आल्यासारखी खोल घरघर ऐकू आली. खाजाचे डोळे उघडले. वर बल्ब नव्हता, नुसत्या चिंचेच्या फांद्या होत्या. त्यानं सवयीनं पोटावर हात ठेवला. पोट गप्प. मातीवर हात ठेवला. मातीही गप्प. मान वळवली तर शेजारी विरूपाक्ष पटका तोंडावर घेऊन घोरत होता, आणि पलीकडं सुलतानबी बसल्या जागी डुलक्या घेत त्याला उत्तर देत होती.

पहाऱ्यावर कुणीच नव्हतं. खाजानं सवयीनं नाडीला हात घातला. ती सैल करायची गरजच नव्हती. मग कूस बदलून तो परत झोपला.