साडूंचा कान

मंडणगडापासून राजापुरापर्यंत सारा रत्नागिरी जिल्हा पालथा घातला असता, तरी यंत्रांतलं इतकं कमी कळणारा आणि त्याविषयी इतकं ठामपणे बोलणारा माणूस माझ्या साडूंखेरीज दुसरा सापडला नसता. नोकरी कचेरीत, आवक-जावकच्या टेबलावर. पाना कधी हातात धरलेला नाही. घरी फ्यूज उडाला तर तो माझी मेहुणी बांधायची आणि हे खुर्चीत बसून तिला बॅटरी दाखवायचे. पण कुणाकडेही पंखा, मिक्सर किंवा विहिरीवरचा पंप जरा वेगळा वाजला, की हे बसल्या जागी डोळे मिटायचे, एक बोट वर करायचे आणि निदान सांगून मोकळे व्हायचे. निदानं एकूण तीनच. कुरकुर असेल तर 'बेरिंग गेलं', गुणगुण असेल तर 'अर्थिंग नाही', आणि दोन्हींत बसत नसेल तर 'खारी हवा'. ऐंशीनंतरची ती वर्षं. रत्नागिरीतल्या आमच्या शिवाजीनगरात घरोघरी मिक्सर आणि फ्रिज नुकते येऊ लागले होते, त्यामुळे या गृहस्थांचे पाय एका घरी ठरेनात.

शेजारच्या मास्तरांचा पंप गचके द्यायला लागला, तेव्हा यांनी बेरिंग सांगितलं. मास्तरांनी दोन दिवस पंप खोलून अंगणात मांडला. शेवटी विहिरीतल्या पाइपाच्या तोंडाशी एक फुगलेला बेडूक निघाला. दुसरा कुणी असता तर महिनाभर त्या गल्लीत फिरकला नसता. आमचे साडू म्हणाले, "पण बेडूक अडकला कशानं, हे विचारलंत का? बेरिंग धड असतं तर त्यानं ओढून टाकला असता!" आमच्याकडे तर त्यांनी चालू मिक्सरला स्टीलचा पेला लावून त्याच्या बुडाला कान टेकवला. झाकण उडालं आणि बांगड्यांच्या आमटीसाठी वाटलेलं खोबरं त्यांच्या दोन्ही भुवयांवर बसलं. ते तसेच, डोळे न उघडता म्हणाले, "खारी हवा."

त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला बघायला सावर्ड्याहून मंडळी यायची होती. साडूंना घरीच ठेवा, असं मी मेहुणीला दोनदा बजावलं होतं. तरी ते इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी हजर. मुंबईहून आणलेला जुना फ्रिज आम्ही तेव्हा बाहेरच्या खोलीत, सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला. मुलाचे वडील मुलाच्या नोकरीबद्दल सांगायला लागले आणि साडूंनी बोट वर केलं.

"श्श! जरा थांबा हो."

मुलाचे वडील चक्क थांबले. साडू गुडघ्यांवर बसले, फ्रिजला कान लावला आणि म्हणाले, "खाली कंप्रेसरचं रबर गेलंय. पत्र्यावर घासतंय." हे चौथं निदान मी पहिल्यांदाच ऐकत होतो. रबर दाखवायला म्हणून त्यांनी फ्रिज पुढे ओढला, तसं त्याचं दार उघडलं आणि आमरसाचं अख्खं पातेलं मुलाच्या आईच्या पायांवर आलं.

माझा तोल गेला. "आयुष्यात एक स्क्रू तरी फिरवलायत का तुम्ही?" मी सगळ्यांदेखत ओरडलो. "लोकांच्या घरात कान लावत हिंडता! तुम्हाला सगळे हसतात, ते ऐकू येत नाही तुम्हाला?"

त्यांनी रुमालानं हात पुसले. मुलाच्या आईला "चुकलं माझं" म्हणाले आणि चपला घालून गेले. मागोमाग मेहुणीही गेली. मुलाचे वडील हसत म्हणाले, "अहो, एवढं काय त्यात! आमच्याकडे माझा सख्खा भाऊ अस्साच आहे." आठवड्याभरात लग्न ठरलंसुद्धा.

गणपतीच्या आधी फ्रिज बंद पडला. मेकॅनिकनं तो आडवा केला आणि मला खाली वाकून बघायला लावलं. "रबर गेलंय, साहेब. घासून घासून पाइपाला भोक पडलं. आवाज येत असणार की! कुणी ऐकला नाही?"

मी सायकल काढून थेट साडूंकडे गेलो. वाटलं, ही बातमी ऐकून ते उड्या मारतील, निदान वर्षभर तरी मला सुनावतील. मी चढावरून धापा टाकतच सगळं सांगितलं.

"हो का?" ते म्हणाले. "बरं झालं, कळलं ते. चहा घेणार ना?"

डोक्यावर त्यांचाच पंखा खडखडत होता. इतका, की मेहुणीला स्वयंपाकघरातून ओरडून साखर विचारावी लागली. ते बोट वर करतात का, याची मी वाट पाहिली. शेवटी वर बघून म्हणालो, "साडूभाऊ, हा आवाज कसला हो?"

मेहुणी कप घेऊन दारातच थांबली.

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग उघडले आणि पेपर पुढे ओढला. "मेकॅनिकला दाखवायचाय एकदा," ते म्हणाले. "मला काय कळतंय त्यातलं?"

काहीतरी बोला, चुकीचं का होईना, असं त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार? मी चहा प्यायलो आणि कप विसळायला स्वतःच आत घेऊन गेलो.