दगड चाखणारे आजोबा

पुण्यात माझ्या बाजूने पहिले उभे राहिले ते सदाशिव पेठेतले, चौथ्या मजल्यावरचे आजोबा. समुद्राखालचं तेल आणि गॅस शोधणाऱ्या पहिल्या भूवैज्ञानिकांपैकी ते एक. अजूनही हाती आलेला दगड कसला आहे ते ओळखायला जिभेला लावून बघतात.

आठवीत शाळा सोडून मी यवतमाळहून आले, त्यांच्याकडे स्वयंपाकाला लागले. सोसायटीने पाटी लावली, 'कामवाल्यांनी लिफ्ट वापरू नये.' काम जाईल म्हणून मी गपचूप जिना धरला. दुसऱ्या दिवसापासून आजोबाही दुखरे गुडघे धरत माझ्यासोबत चढू लागले.

सेक्रेटरी म्हणाले, "अहो, पाटी तुमच्यासाठी नाही."

आजोबा म्हणाले, "समुद्रात तेल नाही म्हणणारेही असेच ठाम होते. आम्ही खणलंच. तुम्ही व्हा पुढे, लिफ्ट थांबलीय."

आजोबा रोज जिनाच चढत राहिले, तेव्हा शेवटी पाटी उतरली.

एक दिवस त्यांना आमच्या गावच्या नदीवर नेईन, हवे तेवढे दगड चाखायला देईन.