तळघराच्या जिन्यात अडकलेलं चित्र

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपूरला पोळ्या लाटत होते. गॅस बंद केला आणि तशीच भिलाईला, वैशाली नगरच्या घरी निघाले. त्याला आता दीड महिना झाला…

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा बाबा तिथे नकाशे काढायचे. त्याआधी फौजेत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत गेलेले. त्या दिवसांतल्या एकाच जागेबद्दल ते बोलत. डोंगरावरच्या गावातलं छोटंसं जुनं प्रार्थनाघर, भिंतीभर देवाधर्माची चित्रं. तोफा जवळ आल्या तशी म्हाताऱ्या राखणदारानं खुणांनी मदत मागितली. दोघं दिवसभर चित्रं उतरवून तळघरात नेत राहिले. सगळ्यात मोठं, मेलेल्या मुलाला मांडीवर घेतलेल्या मेरीमातेचं, तेवढं जिन्याच्या वळणावर अडकलं. म्हातारा चित्राची चौकट कापू देईना. चित्र परत भिंतीवर गेलं. दुसऱ्या दिवशी छत कोसळलं.

"त्याचं ऐकाले नव्हतं पाहिजे मी," बाबा म्हणत.

भिलाईत सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये आमच्या शेजारी थॉमसकाका राहत, कारखान्यात क्रेनवर होते. केरळची चार-पाच कुटुंबं रविवारी त्यांच्या क्वार्टरमध्ये प्रार्थनेला जमत, आणि समोर नुसती चुन्याची भिंत. बाबांनी ते चित्र आठवून काढायला घेतलं. रविवारमागून रविवार गेले. वस्त्राच्या चुण्या आल्या, हात आले… चेहरा येईना. खोडून खोडून कागद तिथे पातळ झाला.

आई म्हणाली, "कावून जीव काढून राहिले? कोणताबी चेहरा काढा, त्याइले काय समजते?"

"मले समजते ना."

शेवटी चेहरा कोरा ठेवूनच बाबा कागद त्यांच्याकडे घेऊन गेले. थॉमसकाकूंचा धाकटा मुलगा त्याच वर्षी तापानं गेला होता. काकू चित्रापुढे खूप वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "इसको ऐसे ही रहने दीजिए."

थॉमसकाका जाऊनही बरीच वर्षं झाली. तेरावं झाल्यावर मी काकूंकडे गेले. रिटायर झाल्यावर बाबा आणि थॉमसकाका दोघंही वैशाली नगरलाच राहायला आले होते. कागद पिवळा पडलाय, पण काचेत नीट आहे. समोर एक वेताची खुर्ची.

"तुम्हारे बाबा हर इतवार आके यहाँ बैठते थे," काकू म्हणाल्या. "पिछले महीने बोले, भाभी, चेहरा याद आ गया. मैंने पेन्सिल दी."

"मग?"

"नहीं ली. बोले, अब ये चित्र आपका है."

घरी बाबांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. काकू चहा ठेवायला आत गेल्या. मी त्या खुर्चीत बसले.