काका, जरा बाजूला व्हा

रुग्णालयात त्याला सगळे फोटोमामा म्हणत. तळमजल्यावर, जिन्याखाली, चादरींच्या कोठाराला लागून त्याची खोली. काम एकच, जखमांचे फोटो. भाजलेला हात, टाके घातलेलं पोट, शेजारी मापाची पट्टी, खाली केसचा नंबर. सव्वीस वर्षं त्याने हेच केलं, आणि त्याला कुणी कला म्हटलं की मामा भडकायचा. "कला म्हणे! जखम भरतेय की चिघळतेय एवढं डॉक्टरला कळलं, की फोटो चांगला. बाकी सगळी थेरं."

अशा माणसाला अधीक्षकांनी हुकूम दिला. एक नावाजलेला छायाचित्रकार 'रुग्णालयातलं एकटेपण' टिपायला येतोय, त्याच्या हाताखाली राहायचं. मामाच्या कपाळाच्या आठ्या आठवडाभर उतरल्या नाहीत.

कलावंत आला तो तीन बॅगा आणि गळ्यात उपरणं घेऊन. एकाही रुग्णाकडे न बघता त्याने आधी सगळ्या खिडक्या बघितल्या. मग दुकानात कापड मागावं तसं विचारलं, "जरा हाडं दिसणारं कुणी मिळेल का?"

मिळाल्या त्या काजंवाल्या काकू. घरी बसून शिंप्यांची काजं-बटणं करून देणारी बाई. फुफ्फुसाच्या संसर्गाने दोन महिने वेगळ्या खोलीत होती. आत नातेवाइकांना सक्त मनाई. काकूंचे यजमान, निवृत्त बसचालक, रोज चारला यायचे, काचेबाहेर उभे राहायचे आणि मोबाइल कानाला लावून तासभर बायकोशी भांडायचे.

"वरचं बटण लावा आधी."

"गळा आवळतो गं."

"मग हिंडा तसेच, गावाला छाती दाखवत!"

वॉर्डातल्या नर्सना ही फुकटची करमणूक होती.

कलावंत नेमका चारला पोचला. दोन महिने नवऱ्याला बंद असलेलं दार कलेसाठी दोन मिनिटांत उघडलं. गाऊन आणि मास्क चढवून तो आत गेला; त्याच्या मागे उजेड परतवणारी चंदेरी चकती धरून मामा. आधी काकूंचा थर्मास हलवला, मग रेडिओ, मग लोकरीची शाल. काकूंचा फोन बंद करून नर्सच्या हातात दिला. शेवटी त्याने काचेकडे बघून हात हलवला. "काका, जरा बाजूला व्हा! तुम्ही दिसलात की एकटेपण दिसत नाही."

आयुष्यभर हॉर्न वाजवून गावाला बाजूला सारणारा तो माणूस मुकाट्याने सरकला.

"आता चेहरा जरा रिकामा करा," कलावंत काकूंना म्हणाला.

"डबा रिकामा करतात, बाबा. चेहरा कसा करायचा?"

"काचेकडे बघत राहा नुसतं."

काकू बघत राहिल्या. चाळीस मिनिटं.

मध्येच बॅटरी आणायला मामा बाहेर आला. वळणावर, ऑक्सिजनच्या नळकांड्यांपाशी, काका भिंतीला टेकून उभे होते. फोन कानालाच. "हॅलो... हॅलो..." काकूंच्या बंद फोनला ते हळूच म्हणत होते. मामाने खिशातला छोटा कॅमेरा काढला आणि बटण दाबलं. कुणी न सांगता काढलेला त्याचा तो नोकरीतला पहिला फोटो. तो बॅटरी घेऊन परत आत गेला आणि चकती धरून उभा राहिला. पाच वाजले. भेटीची वेळ संपली म्हणून पहारेकऱ्याने काकांना जिन्याकडे वळवलं.

पुढे तीन महिन्यांनी दर्शनी दालनात प्रदर्शन लागलं. त्या सकाळी मामाने आपला फोटो अधीक्षकांपुढे ठेवला. "हाही लावा."

"यात पेशंट कुठाय?"

"खोलीबाहेर काढलेला माणूस आहे, साहेब."

"विषय एकटेपणाचा आहे हो," म्हणत अधीक्षकांनी फोटो परत सरकवला. एवढी बुद्धी खुर्चीबरोबरच मिळत असावी.

भिंतभर लावलेल्या काकूंपुढे कलावंत बोलत होता. "या नजरेत मृत्यूची चाहूल आहे..."

"कसली चाहूल?" मागून आवाज आला. बऱ्या होऊन घरी गेलेल्या काकू नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. "माझा माणूस डोळ्यांसमोरून हलवलात, तो गेला कुठं ते बघत होते मी."

लोक हसले. कलावंतही हसला, असल्या माणसांना हसायला फार वेळ लागत नाही. "म्हणजे भाव अस्सल आहे, काकू!"

"आहेच की. तुम्हीच आणून दिलात."

अधीक्षकांनी घाईघाईने टाळ्या सुरू केल्या.

मामा गर्दीतून पुढे आला. "काकू, ती चकती मी धरली होती. तोंड शिवल्यासारखा उभा राहिलो." आणि त्याने आपला फोटो त्यांच्या हातात दिला.

काका डोकावले. "असला कशाला काढलात? बावळट दिसतोय."

"दिसत नाही, आहात," काकू म्हणाल्या. "बंद फोनवर हॅलो काय करत होता?"

"वाटलं, उचलशील."

काकूंनी फोटो छातीशी धरला आणि त्या खुर्ची शोधून बसल्या.

मामाला आता गप्प बसवेना. भर दालनात त्याने मोठ्या नर्सबाईंना विचारलं, "कलावंताला गाऊन मिळाला, नवऱ्याला का नाही?" पत्रकार वह्या उघडून उभेच होते. महिन्याभरात नियम बदलला. रोज एका नातेवाइकाला, गाऊन-मास्क घालून, पंधरा मिनिटं आत. त्याचा फलकही तयार झाला; खाली अधीक्षकांची सही, वर 'माझी संकल्पना' असा मथळा. फलकाच्या अनावरणाचा फोटो काढायला मामाला तीनदा निरोप गेला.

तो गेला नाही. त्या वेळी तो वरच्या मजल्यावर एका आजोबांना गाऊन घालत होता.

"गाठ मागे येते, आजोबा. वळा बघू. हां, आता जा आत."