कच्चा मासा वाट बघत नाही

त्या खेकड्याची तंगडी माझ्या मांडीपेक्षा लांब होती. माझी मांडी तुम्ही पाहिलेली नाही, तेव्हा मान्य करायला तुम्हाला जड जाऊ नये. अख्खा खेकडा म्हणाल तर माझ्या जुन्या राजदूत मोटारसायकलीएवढा. आणि तोंडावर भाव असा, की मी इथे कसा आलो आणि याला जबाबदार कोण.

ही गोष्ट जपानातली. गरम पाण्याच्या झऱ्यांचं एक गाव, तिथे समुद्राला चिकटून उभं असलेलं एक लाकडी लॉज. लॉज म्हणजे बसस्टँडसमोरचं नव्हे. जमिनीवर चटया, दारांना कागद, आणि पाहुण्याची बडदास्त अशी की ओवाळायचंच काय ते बाकी.

मासे मला नवीन नाहीत. पण नाशिकला समुद्र येतो तो वाळून येतो. आठवडे बाजारात बोंबील-सुकटीच्या ढिगापाशी उभं राहायचं, नाकाला रुमाल लावणाऱ्यांकडे तुच्छतेनं बघायचं, झालं आमचं समुद्रदर्शन. ताजा मासा म्हणजे गंगापूर धरणातला. त्या धरणात एकदा माझ्या गळाला असा मासा लागला होता की त्याला बाहेर काढल्यावर धरणाची पातळी उतरली.

इथे माझी बायको असती तर बोलली असती. ती नामपूरची, कांद्याच्या घरची. बाजारात व्यापारी जसा माती-टरफलाच्या नावानं वजनातून कडता कापतो, तसा ती माझ्या प्रत्येक गोष्टीतून कापायची. पाहुण्यांना चहा देता देता म्हणायची, "भाऊ, यातलं अर्धं खोटं शे. कडता धरून ऐका." पाहुणे हसायचे, आणि पुढच्या खेपेला कडता जाऊनही पोतं भरलेलं राहील एवढं मी सांगायचो. ती गेली, मग कापायचं काम मुलानं घेतलं. तो ओसाकाला नोकरीला. फोनवर विचारायचा, "पप्पा, कडता किती धरू?" मी म्हणायचो, "तूच सांग." तो म्हणायचा, "रुपयात चौदा आणे." बापलेकात दुसरं फारसं बोलायची गरज पडायची नाही.

अलीकडे तो विचारेनासा झाला होता. मी काहीही सांगितलं तरी "वा, छान" म्हणायचा. मी एकदा त्याला सांगितलं, आपल्या सोसायटीच्या गच्चीवर बिबट्यानं संसार थाटलाय. "वा, छान." तेव्हा मी ठरवलं, जाऊन बघायला पाहिजे. नाशिकरोडच्या चहाच्या टपरीवर सांगितलं की जपानवाल्यांनी बॉयलर तपासायला बोलावलंय. खरं कारण एवढंच होतं, की त्यानं मला एकदा समोर बसून खोटं पाडावं.

त्याचं घर इतकं लहान, की एकानं कूस बदलली तर दुसऱ्यानं दाराबाहेर जाऊन थांबायचं. एवढ्याशा घरातही तो मला सापडायचा नाही. मी काही सांगायला लागलो की तो एक कान मोकळा करायचा, दुसऱ्या कानात मीटिंग चालूच. एका रविवारी त्याला काय वाटलं कुणास ठाऊक. म्हणाला, "पप्पा, समुद्रावर जाऊ मुक्कामाला. गरम पाण्यात बसायचं, मासे खायचे. आपण दोघंच. फोन घरी ठेवतो."

त्या दिवसापासून मी तोंड बंद केलं. गोष्टी साठवायला लागलो.

निघायच्या दिवशी स्टेशनवर त्याचा खिसा वाजला. फोन घरी राहिलेला नव्हता. बोलून झाल्यावर तो माझ्या बॅगेकडे बघत म्हणाला, "पप्पा, तुम्ही पुढे व्हा. गाडी थेट आहे, शेवटच्या स्टेशनला उतरायचं, लॉजवाले न्यायला येतील. मी संध्याकाळी जेवायला पोचतो."

"जेवण कधी असतं?"

"सहाला."

"सहाला कोण जेवतं? दवाखान्यातले पेशंट."

"ते वेळेचे पक्के असतात. पण तुम्ही सुरू करू नका, मी येतोच."

गाडीत शेजारच्या सीटवर मी माझी टोपी ठेवली. रिकामी सीट मला बघवत नाही.

लॉजची मालकीण माझ्याच वयाची. नमस्काराला कमरेतून एवढी वाकली की मला वाटलं हिची किल्ली पडली, म्हणून मीही वाकून शोधायला लागलो. खोलीत दोन झगे, दोन पेले, दोन उशा. तिनं दोन बोटं दाखवली आणि माझ्या मागे बघितलं. मी घड्याळ दाखवून तोंडानं आगगाडीचा आवाज काढला. आवाज इतका हुबेहूब निघाला की खालच्या मजल्यावरची माणसं बॅगा घेऊन बाहेर आली.

मग गरम पाणी. माझी सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरपाशी गेली. गरम पाण्यानं मला शिकवावं असं काही उरलं नसेल, असा माझा समज होता. अंगावरचे सगळे कपडे काढायचे, असं चित्र तिथे लावलेलं. आम्ही रामकुंडावरची माणसं, चड्डी ही आमची शेवटची खिंड. पण चित्रातल्या माणसानं माझ्याकडे असं रोखून बघितलं, की मी ती लढवली नाही. वर छप्पर नाही, समोर राखाडी समुद्र, वारा निफाडच्या डिसेंबरातला. खाली अंग उकळतंय आणि वर डोक्यावर बर्फ धरतोय. मी एकटाच होतो.

दुसऱ्या चित्रात एक माणूस दुसऱ्याची पाठ चोळत होता. कॉलनीत नळाखाली मी मुलाची पाठ अशीच चोळायचो. तो कळवळायचा, "पप्पा, कातडी निघते." मी म्हणायचो, निघू दे, खालून नवी येते, तुझ्या आजोबांनी माझी तीनदा बदलली. आता माझा हात पाठीच्या मधोमध पोचेना. मग कडेच्या एका गुळगुळीत दगडाला पाठ लावून घासली, म्हशी घासतात तशी. दगड चांगला होता.

सहाला बाईनं दोन ताटं मांडली. समोरासमोर. तोच खेकडा, वाफाळलेला. लाकडी फळीवर कच्च्या माशाचे काप, इतके पातळ की त्यातून पेपर वाचता यावा. ते मासे त्याच किनाऱ्यावरचे, सकाळी धरलेले, हे तिनं खिडकीतून समुद्राकडे हात करून सांगितलं. मी हात जोडून बसून राहिलो. खेकड्याची वाफ गेली. ती दोनदा डोकावून गेली.

आमच्याकडे मागून येणाऱ्याचं ताट झाकून ठेवतात. दुसरी पाळी संपवून मी घरी यायचो तेव्हा ओट्यावर ताट असायचं, त्यावर दुसरं पालथं, आणि त्याच्याही वर पाण्याचा तांब्या, मांजरासाठी वजन म्हणून. मी एक रिकामा ट्रे उचलला आणि मुलाच्या ताटावर पालथा घातला. बाईनं तो काढला. मी परत घातला. तिनं परत काढला, हसत, पण काढलाच. शेवटी ती आपल्या मोबाइलशी काहीतरी बोलली आणि त्याचा स्क्रीन माझ्यापुढे धरला. हिंदीत अक्षरं उमटली होती: कच्ची मछली इंतज़ार नहीं करती.

एवढं खरं वाक्य मी आयुष्यात बोललेलो नाही.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. "पप्पा, नाही जमणार. इथे सगळं अडकलंय. सॉरी. जेवलात ना?"

अशा वेळी बापानं काय बोलायचं असतं? मी तोंडाचा पट्टा सोडला. म्हटलं, अरे, तू नाहीस तेच बरं, खेकडा राजदूतएवढा आलाय, किक मारली तर सुरू होईल. मी पाण्यात उतरलो तर झराच म्हणाला, साहेब, जरा बेतानं. एक देवमासा खिडकीतून माझं ताट बघतोय आणि आवंढे गिळतोय. मग मी थांबलो. बोलण्यात एवढी जागा सोडली की तिथून बैलगाडी वळली असती. त्यानं फक्त विचारायचं होतं.

"वा, छान," तो म्हणाला. "मजा करा, पप्पा."

राजदूत, देवमासा, सगळा माल त्यानं आहे त्या वजनाला घेतला. ज्या मालातून कडता कापत नाहीत, तो माल कुणी उघडून बघितलेलाच नसतो.

फोन ठेवल्यावर बाईनं दुसऱ्या ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. तिनं ताट उचललं नाही. समोर बसली, माशाच्या कापांकडे बोट करून भुवया उंचावल्या. तुमच्याकडे असतात का, असं विचारत असावी. मी मराठीतच सुरू केलं. गंगापूर धरण, गळ, दोरीला बसलेला हिसका. आणि मासा दाखवायला दोन्ही हात पसरले, खांद्यातून जेवढे पसरतात तेवढे.

बाई गुडघ्यांवर पुढे सरकली. तिनं माझी दोन्ही मनगटं धरली आणि हात हळूहळू आत आणायला लागली. छातीएवढे आणले. मग आणखी. वीतभर अंतर राहिलं तेव्हा थांबली आणि मान डोलावली. एवढा.

खरं सांगायचं तर तेवढाच होता.

मी इतका हसलो की कागदाची दारं थरथरली. हसता हसता नाक-डोळे पुसावे लागले. बाईनं ताटातल्या हिरव्या तिखटाच्या गोळीकडे बोट दाखवलं, तिखट लागलं ना, अशा अर्थानं. मीही तेच पुढे केलं.

मग तिनं मुलाच्या ताटातला मासा आत नेला आणि थोड्या वेळानं परत आणला. भाजलेला, भाताच्या दोन गोळ्यांत भरलेला. बशी तिनं दुसऱ्या उशीपाशी ठेवली, आणि वर एक लाकडी वाडगा पालथा घातला. मांजर नव्हतं, तरी.

सकाळी ते गोळे तिनं कागदात बांधून दिले. दुपारी मुलानं दार उघडलं तेव्हा कानात ते यंत्र होतंच. "पप्पा, खरंच सॉरी."

"तुझं ताट आणलंय," मी म्हटलं.

त्यानं कानातलं काढून टेबलावर ठेवलं, एक गोळा उभ्याउभ्याच खाल्ला. "आत काय आहे?"

"मासा. कच्चा होता. थांबायला तयार नव्हता, म्हणून भाजला."

तो चावत राहिला. माझ्याकडे बघत होता, बऱ्याच दिवसांनी दोन्ही डोळ्यांनी. मग म्हणाला, "पप्पा, तो खेकडा. राजदूतएवढा म्हणालात."

"होताच."

"चाकं धरून की सोडून?"

मी तोंड उघडलं, आणि टेबलावर त्याचा फोन थरथरला. त्यानं एक बोट वर केलं. "एक मिनिट पप्पा, आलोच." आतल्या खोलीचं दार सरकलं आणि बंद झालं. पलीकडे तो जपानीत बोलायला लागला.

उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी उरलेला गोळा बशीत ठेवला, वर एक वाटी पालथी घातली, आणि दाराकडे तोंड करून खुर्चीत बसलो.