सासूचा फोन

माझा आवाज खणखणीत आहे आणि डोकं लवकर तापतं. अशा बाईला हेल्पलाइनवर कोणी बसवतं का, असं माझा नवरा विचारतो. पण अमरावतीच्या आमच्या संस्थेत मी सहा वर्षांपासून तेच करते. घरात मार खाणाऱ्या बायका फोन करतात, मी ऐकते, आणि कोणाला निघायचं असेल तर आमच्या निवाऱ्यात आणायची सोय करते. मराठी आणि हिंदी दोन्ही बोलते म्हणून मला घेतलं. हिंदी म्हणजे आपली वऱ्हाडातली, भाजीबाजारात चालते ती. पण रडणाऱ्या बाईला व्याकरण कुठं लागतं!

आमचा एक नियम होता. एखाद्या नंबरवरून सुनेचा फोन येऊन गेला आणि मग त्याच नंबरवरून दुसराच आवाज आला, तर ओळख द्यायची नाही. ‘इथं शिलाई क्लास आहे, राँग नंबर’ म्हणायचं आणि ठेवायचं. घरच्यांना कळलं तर त्या बाईची धडगत नसते. सासूचा आवाज तर मी एका ‘हॅलो’त ओळखायचे. त्याचा मला गर्वच होता म्हणा ना.

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी बाळापूरजवळच्या एका खेड्यातून फोन आला. पोरगी हिंदी बोलत होती, एकदम दबक्या आवाजात. “दीदी, आदमी बहुत मारता है। छोटी बच्ची है मेरी। मैं बैतूल तरफ की हूँ, यहाँ मेरी बोली किसी को नहीं आती।” बाळाला डोस द्यायला दवाखान्यात गेली तेव्हा भिंतीवरचा आमचा नंबर तिनं वाचून ठेवला होता. मी पुढं काही विचारणार तोच फोन कटला. परगावी, परक्या भाषेत, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही.

दुपारी त्याच नंबरवरून म्हातारा आवाज आला. “हॅलो, कोन बोलून राह्यलं?”

“शिलाई क्लास. राँग नंबर, मावशी,” म्हटलं आणि ठेवला.

संध्याकाळी परत. “हॅलो, थे बायायचं...” वाक्य पुरं व्हायच्या आत मी कट केला. दोन दिवसांनी पुन्हा तोच आवाज आला तेव्हा माझं डोकंच सरकलं. “मावशी, सांगितलं ना एकदा! शिलाई क्लास आहे इथं!”

“मंग माहं पोलकं शिवाले टाकतो, पन फोन ठेवू नको वो बाई!” म्हातारी ओरडली. “मी सासूच हाय. दवाखान्यात हिनं नंबर वाचला तवा मी संगंच होतो. माह्या पोरानं हिचा जीव घ्यायच्या आंधी हिले घेऊन जाय तू.”

मी खुर्चीत ताठ बसले. आमच्या मोठ्या ताई, म्हणजे संस्था चालवणाऱ्या, शेजारीच होत्या. त्यांनी हातानंच थांब म्हटलं. निवाऱ्याचा पत्ता काढायला सासरचे असे डाव टाकतात, हे आम्ही दोघींनी पाहिलेलं. मी म्हटलं, सुनेला फोन द्या. तिला विचारलं, जवळ कोणी उभं आहे का, फक्त हो किंवा नाही सांग. “नहीं दीदी, हम दोनों खेत में हैं। अम्मा सच बोल रही हैं।”

घ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, तीही दोनदा. आणि त्या दोन दिवसांत त्या माणसानं तिला आणखी एकदा मारलं होतं. माझ्या हुशारीमुळं. मला तेव्हा लाज वाटली आणि अजून वाटते.

ठरलं ते असं. म्हातारीच्या शेतात शेवंती होती. दर गुरुवारी ती एसटीनं अकोल्याच्या फूलबाजारात टोपली घेऊन जायची. या गुरुवारी दुसरी टोपली धरायला म्हणून सुनेला आणि लेकराला सोबत घ्यायचं. मी आठ वाजता अकोल्याच्या बसस्टँडवर उभी राहणार, आणि तिथून आम्ही तिघी लेकराला घेऊन अमरावतीला.

आठची बस आली, त्यात नाहीत. साडेआठची आली, त्यातही नाहीत. नऊ वाजले. फोन लावायची सोय नाही, कारण घरात एकच फोन आणि तो कोणाच्या हातात असेल देव जाणे. मला तर दिसायला लागलं, की त्यानं त्यांना अडवलं, आता आत कोंडून मारत असेल. चहावाल्यानं दोनदा विचारलं, “बाई, तब्येत बरी हाय ना?” त्याच्यावरही मी खेकसले.

साडेनऊला रस्ता ओलांडून दोघी चालत आल्या. पुढं म्हातारी, काटक, रिकाम्या टोपल्या एकात एक घातलेल्या. मागं वीस-बावीस वर्षांची पोरगी, पदरात लेकरू, डोळ्याखाली काळं-निळं.

“कुठं होत्या तुम्ही?” मी भर स्टँडवर ओरडले. “मी इथं जीव मुठीत धरून उभी!”

“फुलं विकून राह्यलो होतो.”

“फुलं? मावशी, आज फुलं?”

“मंग? माल गेला नसता तं अडत्यानं पोराले फोन केला असता, आज काहून नाई आला म्हून. आता तो रातच्या दारूत दुपारपावतर झोपते.” मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, “तुले लय घाई दिसते.” मी तिकिटं काढली.

बसमध्ये तिघींच्या सीटवर मी मधे बसले. दीड वर्ष एका चुलीवर राबलेल्या या दोघी पानी, रोटी, फूल, लेकरू एवढ्याच शब्दांवर जगल्या होत्या. बडनेरा जवळ आलं तशी म्हातारी मला म्हणाली, “हिले एक गोठ विचार. मंगळवारी तो हिले मारून राह्यला होता तवा मी दार उघडलं नाई. हिच्या मनात राग हाय का?”

मी हिंदीत विचारलं. पोरीनं लेकराच्या डोक्यावरून हात फिरवला. “गुस्सा कैसा, दीदी? दरवाज़ा खोलतीं तो अम्मा को भी मारता। पिछली बार हाथ मरोड़ दिया था उनका।”

मी हे म्हातारीला मराठीत सांगितलं, आणि सांगतानाच ते शेवटचं वाक्य माझ्या कानात शिरलं. सहा वर्षं मी हजार प्रश्न विचारत होते, आणि या म्हातारीला एकदाही विचारलं नव्हतं. “मावशी, तो तुम्हाला पण मारतो?”

“माहं सोड. मी एकच्या गाडीनं वापस जातो.”

“वापस? तुम्हाला काय ओवाळणार आहे का तो?” माझा आवाज इतका चढला की कंडक्टरनं वळून पाहिलं.

म्हातारी खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली, “तुमच्या त्या फोनले वयाची अट नाई का वो, बाई?”

नव्हती. कायद्यातही नाही. मुलगा मारत असेल तर आईलाही घरगुती हिंसाचाराचा तोच कायदा आहे, आणि हे मला तोंडपाठ होतं. फक्त तिला सांगायचं सुचलं नव्हतं. ती एकच्या गाडीनं गेली नाही. मी जाऊच दिलं नाही.

निवाऱ्यात सासू आली म्हटल्यावर बाकीच्या बायकांनी आपापल्या खाटा दूर सरकवल्या. एकीनं तर मला तोंडावर विचारलं, “मॅडम, आता इथं बी सासू?” म्हातारीनं आठ दिवस कोणाशी जमवून घ्यायचा प्रयत्न केला नाही. तिनं अंगणातल्या मरायला टेकलेल्या झाडांना पाणी घातलं आणि आम्हा सगळ्यांना शिव्या घातल्या. पंधराव्या दिवशी ती विचारणारी बाईच म्हातारीकडून डोक्याला तेल लावून घेताना दिसली.

घर आणि शेत नवऱ्यामागं म्हातारीच्याच नावावर होतं. अर्ज दोघींनी केले. बयानाच्या वेळी कोर्टात तिच्यासमोर पोटचा मुलगा उभा होता. आपलेच दात, आपलेच ओठ. पण खोटं एक अक्षर बोलली नाही आणि खरं एकही गाळलं नाही. काही महिन्यांनी आदेश झाला, की मुलानं घर सोडायचं आणि दोघींच्या जवळ यायचं नाही.

आम्ही त्यांना घेऊन गावी गेलो तेव्हा सोबत पोलीस होते, एक बाई आणि एक बुवा. मुलगा अंगणात पिशवी भरून उभा होता. त्या दिवशी प्यायलेला नव्हता. “माय,” तो म्हणाला, “मी कुठं जाऊ?”

म्हातारी आत गेली. इथंच विरघळतात बाया, मी पाहिलेलं आहे. सून लेकराला घेऊन भिंतीला चिकटून उभी. आतून भांड्यांचा आवाज येत होता, मग चुलीचा धूर. आम्ही सगळे वेड्यासारखे उभे. अर्ध्या तासानं ती बाहेर आली, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि लोणच्याची बरणी.

“हे घे. तुह्या मामाच्या घरी जाय. मायनं उपाशी काढलं म्हनू नको कोनाले.” तिनं गाठोडं त्याच्यापुढं धरलं. “पन जाय.”

त्यानं घेतलं आणि गेला. म्हातारी उंबऱ्यावर बसून धाय मोकलून रडली. मीही रडले, लपवत नाही. सून तिच्या शेजारी बसली आणि लेकरू तिच्या मांडीवर दिलं.

आम्ही निघालो. जीपपाशी पोचलो नसू, तोच आतून पोरीचा आवाज आला, चांगला चढा. “अम्मा! पूरी बरनी क्यों दे दी उसको?”

“माहं पोट्टं हाय! मी देईन!”

“मुझे खाना था अचार!”

“तं घाल नवं! हात मोडले काय तुहे?”

पोलीसबाई थबकली. “मॅडम, आत जाऊन बघायचं का?”

“कशाला?” मी म्हटलं. “भांडू द्या पोटभर. आता मारणारं कोणी नाही.”